पहिल्या धारेची वाफ: फोंडा तालुक्यातील एका ट्रे ड्रायरचे प्रकरण

मला बोलावणे आले ते स्फोटाच्या भीतीने आले नव्हते. पॅकिंग विभागातली एक बाई जेवणाच्या सुट्टीत मागच्या बोळातून कँटीनकडे जाताना चक्कर येऊन बसली. जूनचा दुसरा आठवडा होता, बाहेर मुसळधार पाऊस. नुकतीच वीज जाऊन आली होती. बोळात स्पिरिटसारखा वास पसरला होता असे तिच्या मागून येणाऱ्या दोघींनी सांगितले. फर्स्ट एडच्या खोलीत तिला अर्ध्या तासात बरे वाटले. रजिस्टरमध्ये नोंद झाली: ‘सॉल्व्हंटच्या वासाचा त्रास’. सेफ्टी ऑफिसर तरुण होता, पण त्याला स्वस्थ बसवेना. त्याने फोन केला आणि म्हणाला, “सर, वास तिथपर्यंत पोचला कसा, एवढंच बघायला याल का?”

कारखाना फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला, गोळ्या बनवणारा. नाव सांगण्याची गरज नाही. अशीच यंत्रे, असाच बोळ आणि अशीच नोंद मी इतरत्रही पाहिली आहे, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

बोळाच्या भिंतीपलीकडे ग्रॅन्युलेशनची खोली होती. औषधाची पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे सगळे ज्याला आयपीए म्हणतात त्यात, मळायची, तिचे ओले दाणे करायचे आणि ते ट्रे ड्रायरमध्ये वाळवायचे. ड्रायर 96 ट्रेंचा, दोन दारांचा. आतली मोकळी जागा साधारण 4 घनमीटर. एका बॅचला 134 किलो ओला माल आणि त्यात 24 किलो आयपीए. आत हवा फिरवणारे पंखे, तापवायला वाफेची कॉइल, आणि छतावरून बाहेर जाणारा एक एक्झॉस्ट. वाळवण्याचे तापमान 60 अंश, वेळ सहा तास. ही पद्धत नऊ वर्षे चालू होती.

ड्रायरच्या पाठीला स्प्रिंगवर धरलेले एक पत्र्याचे झाकण होते. आत दाब वाढला तर ते उघडावे, यासाठी बसवलेले. ते झाकण उघडत होते नेमके त्या बोळात. त्याची रबरी पट्टी कडक होऊन चिरली होती. वास तिथूनच आला होता. सेफ्टी ऑफिसरच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पंधरा मिनिटांत मिळाले. पण पट्टी बदलून परत जाणे मला जमले नाही, कारण त्या बाईला चक्कर आणणारी वाफ झाकणाच्या आत किती असेल, हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला.

मी जुना धोका-अभ्यास मागितला. फाईल नीट ठेवलेली होती. त्यात ड्रायरवर अर्ध्या पानाचा हिशोब होता: 24 किलो आयपीए सहा तासांत उडतो, म्हणजे तासाला 4 किलो. एक्झॉस्ट तासाला 500 घनमीटर. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत 8 ग्रॅम वाफ.

आता आयपीएचे आकडे पाहू. हवेत आकारमानाने 2 टक्के वाफ झाली की ती पेट घेऊ शकते. ही खालची स्फोटमर्यादा, कारखान्याच्या भाषेत एलईएल. वरची मर्यादा सुमारे 12 टक्के. त्यापुढे हवा कमी पडते आणि मिश्रण पेटत नाही. 2 टक्के म्हणजे खोलीच्या तापमानाला घनमीटरमागे सुमारे 49 ग्रॅम. 60 अंशांना हवा फुगते, शिवाय मर्यादाही थोडी खाली सरकते, म्हणून मी 42 ग्रॅम धरतो. जुन्या हिशोबातले 8 ग्रॅम म्हणजे एलईएलच्या 19 टक्के. सॉल्व्हंट उडवणाऱ्या ओव्हनसाठी एनएफपीए 86 या अमेरिकी मानकात 25 टक्के ही नेहमीची मर्यादा आहे. 19 हा 25 पेक्षा कमी, म्हणून शेरा: ‘सुरक्षित’. खाली तीन सह्या.

हिशोबात गुणाकार-भागाकाराची चूक नव्हती. चूक होती ती ‘सहा तासांत उडतो’ या तीन शब्दांत.

ड्रायरवर त्या दिवशी जे ऑपरेटर होते ते पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. मी त्यांना विचारले, “काका, वास सगळ्यात जास्त केव्हा येतो?” त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “पहिल्या तासात, सर. नंतर काय, नुसता वेळ काढायचा असतो.” मग म्हणाले, “आमच्याकडे काजूची भट्टी होती. वडील लावायचे. सुरुवातीला येतो तो माल कडक. हे पण तसंच. पहिल्या धारेचं.”

मूल्यमापनाच्या फाईलमध्ये नव्हते ते या माणसाला पाठ होते. भट्टीत आणि ड्रायरमध्ये फरक आहे: भट्टीत पाणी आणि अल्कोहोल वेगळे होतात, ड्रायरमध्ये दाण्यांच्या पृष्ठभागावरचा द्राव आधी उडतो आणि आत मुरलेला हळूहळू बाहेर येतो. पण धोक्याच्या हिशोबापुरते सूत्र एकच. सगळी वाफ दिवसभर सारखी वाटून येत नाही. ती आधी येते, भरभरून येते. सरासरी काढली की तो पहिला तास उरलेल्या पाच तासांत विरघळून जातो आणि कागद सुरक्षित दिसू लागतो. स्फोट मात्र त्या एका मिनिटात जेवढी वाफ असेल तेवढ्यावरच होतो.

(भट्टीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. पाण्यात 40 टक्के अल्कोहोल असलेल्या द्रावाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वरची वाफ पेटू शकते ते तापमान, सुमारे 26 अंश आहे. म्हणजे एप्रिलमधल्या गोव्याच्या दुपारी फेणीच्या उघड्या भांड्यावरची हवा पेटण्याजोगी असू शकते. शुद्ध आयपीएचा फ्लॅश पॉइंट तर 12 अंश. आपल्याकडे थंडीतल्या पहाटेसुद्धा एवढे तापमान खाली जात नाही. ‘थंड आहे म्हणून सुरक्षित’ ही सबब गोव्यात या द्रावासाठी वर्षाच्या एकाही दिवशी लागू नाही.)

पहिला तास मोजायचा कसा, हा नाजूक भाग होता. चालू बॅचचे दार दर दहा मिनिटांनी उघडून ट्रे तोलणे म्हणजे जो धोका मोजायचा तोच अंगावर घेणे. म्हणून फक्त 12 ट्रे भरले, म्हणजे 3 किलो आयपीए. एवढ्या मालात अगदी जोराच्या वेळीही वाफ एलईएलच्या पाव भागाच्या आत राहील याची आधी आकडेमोड केली. दार उघडण्यापूर्वी प्रत्येक वेळी स्टीम बंद, पंखा चालू. तोलकाटा खोलीबाहेर.

पहिल्या दहा मिनिटांत माल तापत होता. 5 टक्के आयपीए गेला. विसाव्या मिनिटाला एकूण 18 टक्के. तिसाव्याला 34. चाळिसाव्याला 47. एक तास झाला तेव्हा 64 टक्के उडून गेला होता. काकांचा ‘पहिला तास’ तंतोतंत निघाला.

सर्वांत जोराची ती विसाव्या ते तिसाव्या मिनिटांची दहा मिनिटे: 16 टक्के. हेच पूर्ण बॅचला लावले तर 24 किलोंपैकी 3.84 किलो दहा मिनिटांत, म्हणजे तासाला 23 किलोंचा वेग. जुन्या कागदावरच्या 4 किलोंच्या जवळजवळ सहापट. कॉइल एवढी वाफ करू शकते का, हेही तपासले. तासाला 23 किलो आयपीए उडवायला साडेचार किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते, आणि कॉइलची क्षमता त्याच्या कितीतरी पट होती. पूर्ण भरलेल्या ड्रायरमध्ये ट्रे दाटीने असल्यामुळे वेग थोडा कमी पडेल, हे मला मान्य आहे. पण तो किती कमी पडेल यावर माणसांचा जीव पणाला लावायची माझी तयारी नव्हती.

मग एक्झॉस्ट मोजला. कागदावर 500. ॲनिमोमीटरने, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, डक्टमध्ये भरले 310. डक्टच्या कोपऱ्यात बारीक पुडीचा आणि आर्द्रतेचा मिळून चिकट थर बसला होता, आणि डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धा बंद होता. डॅम्पर कोणी बंद केला? कोणीच लपवले नाही. डॅम्पर मिटला की ड्रायर लवकर तापतो आणि बॅच अर्धा तास आधी निघते, असे रात्रपाळीने शोधून काढले होते. त्या वेळी त्यांना कोणी शाबासकीही दिली असेल.

23 किलो भागिले 500 म्हणजे घनमीटरमागे 46 ग्रॅम, एलईएलच्या 110 टक्के. भागिले 310 म्हणजे 74 ग्रॅम, 177 टक्के. पूर्ण भारात वेग चाळीस टक्के कमी पडला असे धरले तरी 44 ग्रॅम. तरीही मर्यादेच्या वरच.

याचा अर्थ सरळ आहे. प्रत्येक बॅचमध्ये काही मिनिटे त्या पत्र्याच्या कपाटात पेटण्याजोगे मिश्रण तयार होत होते. नऊ वर्षे, जवळपास रोज. ठिणगी मिळाली नाही एवढेच. मी हे बैठकीत सांगितले तेव्हा उत्पादनप्रमुख म्हणाले, “नऊ वर्षांत काही झालं नाही, साहेब.” ते प्रामाणिकपणे म्हणत होते. त्यांना काय उत्तर द्यावे याचा मी आजही विचार करतो. त्या वेळी मी एवढेच म्हटले की नऊ वर्षांत ठिणगी का पडली नाही हे आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळे ती उद्या का पडणार नाही हेही सांगता येणार नाही.

लाईट गेल्यानंतरची मिनिटे

इथवरचा भाग नेहमीच्या चालण्याचा. माझी झोप उडवली ती दुसऱ्या गोष्टीने. जूनमध्ये गोव्यात वीज जाते. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. माड तारांवर पडला तर जास्त. चक्कर आली त्या दिवशीही वीज गेली होती. धोका-अभ्यासात ‘वीजपुरवठा खंडित’ या रकान्यात लिहिले होते: ‘ड्रायर बंद होतो. सुरक्षित स्थिती.’

मी कारखान्यातच बसून राहिलो. दोन दिवसांनी दुपारी वीज गेली. ड्रायर मी रिकामा ठेवायला लावला होता, पण गरम चालू होता. डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, साधारण पंधरा सेकंदांत सुरू झाला. दिवे आले, एसी आला. ड्रायरचे पंखे मात्र आले नाहीत. त्यांचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा स्विच, एकदा सुटला की कोणीतरी बटण दाबेपर्यंत पंखे बंदच राहतात. आणि एक्झॉस्टचा पंखा तर डीजीच्या लोडवर जोडलेलाच नव्हता. बॉयलरला काही झाले नव्हते, स्टीमचा व्हॉल्व्ह हाताचा होता. तो उघडाच राहिला. म्हणजे वाफ बाहेर नेणारे सगळे थांबले आणि वाफ तयार करणारे चालू राहिले. ‘सुरक्षित स्थिती’ ती हीच.

यात भरलेली बॅच असती तर? पंखे थांबल्यावर द्राव उडण्याचा वेग खूप घसरतो. मी तो हिशोबात एक दशांश धरला, मिनिटाला 38 ग्रॅम. 4 घनमीटर जागेत एलईएल गाठायला 42 गुणिले 4, म्हणजे सुमारे 170 ग्रॅम आयपीए पुरतो. हे एका पेल्याएवढे द्रव. साडेचार मिनिटे. आणि आधीची वाफ आत आहेच, ती धरली तर तेवढीही नाहीत. वरची मर्यादा ओलांडायला एक किलोच्या आसपास लागतो, म्हणजे अर्धा तास. म्हणून पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतची वीज जाणे, म्हणजे आपल्याकडचे अगदी नेहमीचे वीज जाणे, हाच त्या कपाटातला सर्वांत वाईट काळ.

वीज त्याहून जास्त वेळ गेली तर? 40 अंशांना सुद्धा आयपीएची संपृक्त वाफ 14 टक्क्यांच्या आसपास जाते, वरच्या मर्यादेच्या पलीकडे. कोणी म्हणेल, मग तर पेटणारच नाही. खरे आहे, आत पेटणार नाही. पण वीज येते, पंखा सुरू होतो, ताजी हवा शिरते, आणि दाट मिश्रण पातळ होत होत पूर्ण स्फोटक पट्ट्यातून खाली उतरते. नेमक्या त्याच क्षणी मोटर सुरू झालेली असते, पट्टा घसरत असतो, पंख्याचे पाते कुठे घासत असेल तर तेव्हाच घासते. या पंख्याचा पट्टा डक्टच्या आत होता, वाफेच्या प्रवाहात.

मी काकांना विचारले, लाईट गेली की तुम्ही नेमके काय करता? ते म्हणाले, “दार थोडं उघडून ठेवतो, सर. नाहीतर वास कोंडतो. मग दार एकदम उघडलं की डोळे चुरचुरतात.” त्यांना कोणी शिकवले नव्हते. माल वाचावा आणि आपल्याला त्रास होऊ नये, इतकाच विचार. दार उघडल्यावर वाफ खोलीत यायची. क्षेत्र-वर्गीकरणाच्या नकाशात दारापासून दीड मीटर झोन 2, म्हणजे पेटणारी वाफ क्वचित आणि थोडा वेळच येईल अशी जागा, दाखवला होता आणि त्यापलीकडे साधी जागा. साध्या जागेत साधा इलेक्ट्रॉनिक तोलकाटा होता, सव्वादोन मीटरवर. वीज आली की तोही चालू व्हायचा.

ऑगस्ट 2024 मध्ये आंध्र प्रदेशातल्या अच्युतापुरम येथील औषधी रसायनांच्या कारखान्यात एमटीबीई हा सॉल्व्हंट गळला, त्याची वाफ पसरून विजेच्या पॅनलपर्यंत पोचली आणि स्फोट झाला. 17 जण गेले. माझ्या प्रकरणानंतरची ही घटना, पण बातमी वाचताना मला तो तोलकाटाच दिसत होता. आणि गोव्यात पिळर्ण इथल्या रंगाच्या कारखान्याची जानेवारी 2023 मधली आग ज्यांनी पाहिली, त्यांना साठवलेला सॉल्व्हंट काय करतो हे वेगळे सांगायला नको.

वास घेणारे यंत्र

खोलीत गॅस डिटेक्टर होता, ही व्यवस्थापनाची मोठी ढाल होती. तो दाराच्या वर, अडीच मीटर उंचीवर. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: आयपीएची वाफ हवेच्या दुप्पट जड, म्हणून डिटेक्टर खाली लावा. हे अर्धेच खरे आहे, आणि असे अर्धे खरे फार नुकसान करते. शुद्ध वाफ दुप्पट जड असते. पण 2 टक्के वाफेचे मिश्रण हवेपेक्षा जेमतेम 2 टक्क्यांनी जड. तेच मिश्रण 50 अंशांचे असेल तर उष्णतेमुळे ते खोलीतल्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के हलके होते. म्हणजे दारातून निघालेली गरम विरळ वाफ आधी वर जाते. 10 टक्के वाफेचे दाट मिश्रण मात्र त्याच तापमानाला जड राहते आणि फरशीवरून वाहते. दोन्ही घडू शकतात म्हणून दोन्ही ठिकाणी डिटेक्टर हवा: एक वर, एक फरशीपासून वीतभर उंचीवर.

त्याहून मोठी चूक कॅलिब्रेशनची होती. डिटेक्टरचे आकडे मिथेन वायूवर जुळवलेले होते. अशा कॅटलिटिक सेन्सरला, म्हणजे वाफ आत जाळून मोजणाऱ्या सेन्सरला, आयपीएची वाफ दिली तर तो खऱ्याच्या निम्म्यापेक्षाही कमी आकडा दाखवू शकतो. एलईएलच्या 25 टक्क्यांवर अलार्म ठेवला आहे असे समजून लोक निर्धास्त होते. खरी वाफ त्याच्या दुप्पट झाली तरी तो गप्प राहिला असता. शिवाय खोलीत दरवाजांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारत. सिलिकॉनची वाफ हा सेन्सर कायमचा आंधळा करते. चाचणीचा गॅस लावल्यावर तो आळसावून, उशिरा हलला.

ठिणगीच्या जागा शोधायला एक दिवस गेला. दिवे एफएलपी, म्हणजे आतला स्फोट बाहेर न जाऊ देणाऱ्या पेटीतले होते, पेसो या स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेवरच्या सरकारी संस्थेच्या मंजुरीचे, पण एकाच्या ग्लँडचा, म्हणजे केबल आत शिरते त्या जोडाचा, प्लग गायब होता आणि दोन बोल्ट गंजून पडले होते. खाऱ्या दमट हवेत हे व्हायचेच. बोल्ट नाही तर एफएलपी पेटीही नाही, ती नुसती जड पेटी. ट्रॉलीला वर्षापूर्वी नायलॉनची चाके लावली होती, एपॉक्सी फरशीवर काळे डाग पडू नयेत म्हणून. त्यामुळे ट्रॉली जमिनीपासून विजेच्या दृष्टीने तुटली होती. आणि ओला माल प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ट्रेवर उपसला जात होता. आयपीएची वाफ पेटवायला 0.65 मिलिज्यूल पुरतात. प्लॅस्टिकच्या तळव्यांचे बूट घातलेल्या माणसाच्या बोटातून जाणारी ठिणगी त्याच्या कितीतरी पट असते. गोव्यात दमट हवेमुळे स्थिर वीज टिकत नाही, असे मला सांगण्यात आले. बाहेर खरे आहे. आत एसी आणि डिह्युमिडिफायर हवा कोरडी करत होते, औषधाला तशीच लागते म्हणून.

आणि ते मागचे झाकण. बंद जागेत असे मिश्रण पेटले तर दाब वातावरणाच्या सात-आठ पटींवर जाऊ पाहतो. पत्र्याचे कपाट तेवढे कधीच सहन करत नाही. 1.2 बाय 1.8 मीटरच्या दारावर अवघा 0.1 बार दाब आला तरी 2.2 टनांचा रेटा होतो. म्हणून दाब सोडायला झाकण हवेच. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 37 मध्येही वाफ साचू न देणे, ठिणगीचे सर्व मार्ग बंद करणे आणि स्फोटाचा जोर सोडवणे या तिन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. पण ज्वाला सोडायची कुठे? इथे ती सोडली होती रोज दुपारी एक वाजता साठ बायका जेवायला जातात त्या बोळात. बसवणाऱ्याने यंत्राचे रेखाचित्र पाहिले असेल. बोळातून कोण जाते हे त्याने विचारले नाही.

काय बदलले

त्याच दिवशी बोळ बंद केला आणि पूर्ण भाराच्या बॅच थांबवल्या. निर्यातीचा माल अडकला. दोन दिवस बरीच ओढाताण झाली. उत्पादनप्रमुखांशी मी भांडलो हे खरे, पण पुढच्या कामात सर्वांत जास्त मदत त्यांनीच केली, हेही लिहायला हवे.

पहिली तात्पुरती सोय अशी: डक्ट साफ केला, डॅम्परच्या पात्याला भोक पाडले, जेणेकरून तो पूर्ण मिटला तरी हवा जातच राहील. प्रवाह 560 घनमीटरवर आला. भार निम्मा, 12 किलो आयपीए. आणि पहिला तास स्टीमशिवाय नुसत्या पंख्यावर, मग 45 अंश, मग 60. पहिली धार अशी लांबवली. पुन्हा तोलून पाहिले तेव्हा सर्वांत जोराची दहा मिनिटे 8 टक्क्यांवर आली होती: तासाला 5.8 किलो, घनमीटरमागे 10.3 ग्रॅम, एलईएलच्या जेमतेम 25 टक्क्यांखाली. सहा तासांच्या एका बॅचच्या जागी प्रत्येकी साडेपाच तासांच्या दोन बॅच झाल्या. याची किंमत मोठी होती आणि ती कारखान्याने मोजली.

कायमच्या बदलांत नवा 900 घनमीटरचा एक्झॉस्ट आला, मोटर प्रवाहाबाहेर, पट्टा नाही, पाते ठिणगी न देणाऱ्या धातूचे. आता जोराच्या वेळी वाफ एलईएलच्या 15 टक्क्यांच्या आसपास राहते. स्टीमला हवेच्या दाबाने उघडणारा व्हॉल्व्ह. वीज गेली किंवा डक्टमधला प्रवाह घटला की तो आपोआप मिटतो. डक्टमध्ये आयपीएवर कॅलिब्रेट केलेला इन्फ्रारेड सेन्सर. पंखा डीजीच्या अत्यावश्यक लोडवर. ट्रॉलीला वीजवाहक चाके, ट्रेला अर्थिंगची क्लिप. मागच्या झाकणापुढे पोलादी डक्ट बांधून तो भिंतीबाहेर मोकळ्या, कुंपण घातलेल्या जागेत काढला.

डीजीसुद्धा सुरू झाला नाही तर, हा प्रश्न उरला होता. मी नायट्रोजनच्या खर्चाचा हिशोब मांडत होतो, तेवढ्यात मेंटेनन्सचा फिटर म्हणाला, “सर, कॉम्प्रेस्ड एअरचा रिसीव्हर, ती दाबाच्या हवेची टाकी, आहे ना आपली. एअर मूव्हर लावला तर?” एअर मूव्हर म्हणजे दाबाची थोडी हवा सोडून आजूबाजूची बरीच हवा ओढणारे नळकांडे, त्यात फिरणारा भाग नाही, वीज नाही. रिसीव्हर 2 घनमीटरचा, 7 बारचा. एकदा रिकामा झाला तरी ड्रायरमधली हवा कितीतरी वेळा बदलेल एवढा ओढा मिळतो. धातूचा घेतला, अर्थ केला, वीज जाताच उघडणाऱ्या व्हॉल्व्हवर बसवला. माझ्या नायट्रोजनपेक्षा हे स्वस्त आणि साधे होते, आणि त्यात गुदमरण्याचा नवा धोकाही नव्हता. त्या फिटरला आधीच्या एकाही धोका-अभ्यासाच्या बैठकीला बोलावले गेले नव्हते. काकांनाही नाही.

‘वीजपुरवठा खंडित’ या रकान्याचे आम्ही चार रकाने केले: पंधरा सेकंद, पाच मिनिटे, अर्धा तास, त्याहून जास्त. प्रत्येकात आत वाफ किती, काय चालू, काय बंद, माणूस कुठे उभा, हे वेगवेगळे लिहिले. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सर्वांत मोलाचा कागद. तो लिहायला दोन पाळ्यांचे ऑपरेटर आणि तो फिटर सोबत बसले, आणि एक अख्खा दिवस लागला.

पुढच्या वर्षीच्या जुलैत मी पुन्हा गेलो. दुपारी बॅचच्या पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. स्टीमचा व्हॉल्व्ह मिटल्याचा आवाज आला, मागोमाग एअर मूव्हरचा फुत्कार. सेन्सर 14 वरून 19 टक्क्यांपर्यंत चढला, मग उतरू लागला. काका दारापासून दूर, पॅनलच्या बाजूला उभे होते, हात मागे बांधून. पंखा आला तेव्हा आकडा 6 होता. तरी त्यांनी दहा मिनिटे दाराला हात लावला नाही.

कँटीनला जायला आता बाहेरून वळसा आहे. पावसात भिजायला होते म्हणून बायकांनी तक्रार केली, त्यावर पत्र्याची शेड घालून झाली आहे. पाण्यात ग्रॅन्युलेशन करून आयपीए काढूनच टाकता येईल का, यासाठी तीन बॅच घेतल्या आहेत. त्या स्थिरता-चाचणीच्या कपाटात ठेवलेल्या आहेत.